तिथीची पाऊणपट

आमच्या विट्यातून गुहागर-विजापूर रस्ता जातो. लहानपणापासून दगडावर ‘गुहागर’ वाचत आलो, पण रस्त्याचं ते टोक कधी पाहिलं नव्हतं. यंदा पौषात चार दिवस माग बंद ठेवून मी आणि मेहुणा निघालोच. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. बेत असा, की गुहागरच्या व्याडेश्वरापासून किनारा धरून चालत पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि फेरीबोटीनं जयगड.

पहिल्याच दिवशी फजिती. संकष्टी होती. साबुदाण्याची खिचडी खाऊन दुपारी एकला निघालो. गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सरळ, लांबच लांब, कडेला सुरूची झाडं, माणूस औषधाला नाही. असगोलीच्या पुढं कातळाला वळसा घालायला गेलो, तर बघता बघता पाणी गुडघ्याला आलं. मेहुण्याची चप्पल गेली. मागं फिरलो.

जाळं नीट करत बसलेल्या आजोबांनी विचारलं, “घाटावरचे काय? आज तिथी कुठली?”

“चतुर्थी.”

“चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी. आता पाखाडीनं वर चढा नि सड्यावरून जा.” पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार.

पंचांग आम्ही मुहूर्तापुरतं उघडणार! तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी, आणि रोज पाऊण तास पुढं. रात्री चंद्रोदयानंतर उपास सोडता सोडता पुढचे तीन दिवस या हिशेबानं लावले. पंचमीची भरती पावणेचारला, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास वाळू मोकळी. वेळणेश्वरपर्यंत पाय ओले झाले ते हौसेनं.

खरं सांगायचं तर निम्मी चाल सड्यावर आणि डांबरावरच होते. पुळणी लहान, मध्ये डोंगराच्या सोंडा. सड्यावर सावली नाही, जांभा दगड तापतो. माणशी तीन लिटर पाणी आम्हाला कमी पडलं.

षष्ठीला साडेचारला हेदवीच्या बामणघळीपाशी हजर. खडकाच्या चिरेत लाट घुसून पाणी उडतं, पण बेताचंच. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, हे हिशेबात धरायचं राहिलं होतं.

चौथ्या दिवशी तवसाळहून शास्त्री नदीच्या मुखावरून फेरीबोटीनं जयगडला. सप्तमीच्या सव्वापाचला अजून बराच अवकाश होता, तरी मेहुणा नव्या चपला हातात घट्ट धरून उभा होता.