खायची की नाही, तेवढं सांगा

‘मॅडम, कुल-बिल राहू दे, खायची की नाही तेवढं सांगा.’ पावसाळा लागला की मला ओळखायला पाठवलेल्या अळंबीच्या प्रत्येक फोटोबरोबर हेच येतं. मी सांगत नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग नुसती नावं बदलत बसता कशाला?’ तुम्ही विचारलंत म्हणून आज लिहिते.

भाजीवाल्याकडचं बटन मशरूम ॲगॅरिकेसी या कुलातलं (फॅमिलीतलं). यकृत निकामी करणाऱ्या, लेपिओटा नावाच्या छत्र्यांच्या काही जातीही त्याच कुलातल्या. कुल म्हणजे फक्त नातं, खाता येण्याची हमी नव्हे. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आणि २०१४ च्या श्रावणात स्वतःच विसरले.

एका जुन्या विद्यार्थ्याने बांधावरच्या अळंबीचा फोटो पाठवला. ताटलीएवढी पांढरी छत्री, मधोमध तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं, खालचे पापुद्रे स्वच्छ पांढरे. मी लिहिलं, ‘मॅक्रोलेपिओटा दिसतेय, खातात ही.’ रात्री दहाला त्याचा फोन आला. घरातले चौघं उलट्या-जुलाबांनी आडवे, सहा वर्षांच्या पुतणीला सलाईन. मी पोचले तेव्हा तिच्या हाताला शीर सापडत नव्हती. त्याची आई म्हणाली, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून केली हो भाजी.’ आवाजात राग नव्हता. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली. पण त्या पहिल्या रात्री मी त्यांच्या स्वयंपाकघरात उरलेली एक छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकली होती. सकाळी कागदावर गळलेल्या बीजाणूंचा मळकट हिरवा ठसा उमटला होता. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, तशीच दिसणारी विषारी छत्री. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेच असतात, बीजाणू पिकले की हिरवट होतात.

आता नावांबद्दल. एकोणिसाव्या शतकात स्वीडिश शास्त्रज्ञ फ्रीसने बीजाणूंच्या रंगावरून छत्र्यांची मांडणी केली. इंग्रज कवकशास्त्रज्ञ मॅसीने १८९८ मध्ये क्लोरोफायलम ही प्रजाती (जीनस) केली तीही बीजाणूंच्या हिरव्या रंगावरच. पुढे डीएनए तपासल्यावर दिसलं, की पांढऱ्या बीजाणूंची, युरोपात खाल्ली जाणारी मॅक्रोलेपिओटा रॅकोडीस या हिरवीचीच सख्खी आहे. २००२ मध्ये कवकशास्त्रज्ञ एल्स व्हेलिंगा यांनी तिला क्लोरोफायलममध्ये नेलं. वारुळावर उगवणारं, छत्री कधीच न उघडणारं पोडॅक्सिससुद्धा याच गोतावळ्यातलं निघालं. मी ते बीजाणू पोटात बंद ठेवणाऱ्या भूछत्रांच्या शेजारी बसवून शिकवायचे.

व्हेलिंगांचं काम मी वाचलं होतं. पटलं नव्हतं. ‘प्रयोगशाळेतल्या खटपटी’ म्हणून मुलांना सांगितलंच नाही. ते मनापासून स्वीकारलं असतं, तर ‘मॅक्रोलेपिओटा’ लिहिताना हात अडखळला असता का? तेव्हाची मी म्हणते, नाव कुठलंही असो, ठसा घ्यायला सांगायला हवं होतं, एवढंच. आजची मी म्हणते, जुन्या नावाच्या भरवशावरच तू ठसा मागितला नाहीस. दोघींपैकी कुणाचं खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही. हिरवा ठसा उमटला तर ‘खाऊ नका’ एवढं मी नक्की सांगेन. पांढरा उमटला तर ‘खा’ म्हणणार नाही, कारण पांढऱ्या ठशाच्या विषारी छत्र्याही आहेत.

त्या आईने दवाखान्यात नाव विचारलं होतं. मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, तिला जमलं नाही, आणि ती पुन्हा पोरीच्या उशाशी जाऊन बसली.