सगळी चर्चच ना तिकडे? कंटाळा नाही आला?

इटलीचे फोटो दाखवायला बसलं की हा प्रश्न येतोच. लग्नकार्यात भेटलेल्या मावशी विचारतात, सोसायटीतले लोक विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ते स्वतः तिकडे जाऊन आलेले. त्यांचं चुकत नाही. बसमधून उतरायचं, गाइडच्या उंच धरलेल्या छत्रीमागे पळायचं, मान वर करून सोनेरी छत बघायचं आणि पुन्हा बसमध्ये. चौथ्या दिवशी कुठला घुमट कुठल्या गावातला हे ज्याचं त्याला आठवत नाही. मग वाटणारच की सगळं सारखंच आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कंटाळा येतो, चर्च म्हणून चर्च बघत सुटलं तर हमखास येतो. आम्हा दोघांनाही देवदूतांची आणि संतांची नावं धड पाठ नाहीत, त्यामुळे आमची सहनशक्ती तशी बेताचीच. म्हणून आम्ही एक ठरवून टाकलं: एका गावात एक, फार तर दोन चर्च, आणि आत शिरायच्या आधी माहीत पाहिजे की आपण नक्की काय बघायला आलोय. बाकीचा वेळ चौकात बसायचं.

हे जमलं त्याचं कारण इटलीच्या इतिहासात आहे. इटली हा एकसंध देश झाला 1861 साली, आणि रोम त्यात आलं त्याच्याही नंतर, 1870 मध्ये. त्याआधी शतकानुशतकं ही गावं म्हणजे आपापली राज्यं होती. वेगळं नाणं, वेगळं सैन्य, वेगळी भांडणं. मोठं चर्च बांधण्यात भक्ती असायचीच, पण शेजारच्या गावाची जिरवायची हौसही तितकीच असायची. हे एकदा डोक्यात बसलं की चर्च बघण्याची मजा बदलते. तुम्ही त्या गावाची ऐपत, हेका आणि फजिती बघायला लागता.

फजितीपासूनच सुरू करू, म्हणजे सिएनापासून. फ्लोरेन्सपासून बसने सव्वा तासावर. सिएनाचं कॅथेड्रल काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांचं, चांगलं भरभक्कम. पण फ्लोरेन्सचं त्याहून मोठं होतंय म्हटल्यावर सिएनाकरांना चैन पडेना. 1339 मध्ये त्यांनी ठरवलं की सध्याचं अख्खं कॅथेड्रल ही नव्या चर्चची नुसती आडवी बाजू होईल आणि मुख्य दालन नवीन बांधायचं. भिंती उभ्या राहू लागल्या. 1348 मध्ये प्लेग आला आणि गावातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली. काम थांबलं ते कायमचं. आज तिथे छप्पर नसलेली एक प्रचंड कमान आणि तिच्यामागे मोकळी जागा आहे. त्या कमानीच्या भिंतीतून अरुंद गोल जिना वर जातो आणि माथ्यावर उभं राहिलं की एकीकडे शिंपल्यासारखा पसरलेला चौक आणि दुसरीकडे 'झालं असतं तर' एवढ्या मापाची रिकामी जागा दिसते. माझा नवरा सिव्हिल इंजिनियर. तो तिथे बराच वेळ खालच्या खांबांची जाडी बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "प्लेग आला नसता तरी हे अवघडच होतं."

याच गावात वर्षातून दोनदा, 2 जुलै आणि 16 ऑगस्टला, चौकात घोड्यांची शर्यत होते. गावच्या सतरा आळ्या, त्यातल्या दहा आळ्यांचे घोडे धावतात. प्रत्येक आळीचं स्वतःचं चर्च असतं आणि शर्यतीआधी घोड्याला आत नेऊन आशीर्वाद देतात. घोड्याने तिथेच लीद टाकली तर शुभशकुन! आळ्यांची नावं गोगलगाय, हंस, कासव, सुरवंट अशी. गोगलगायीचा घोडा कसा जिंकणार, असं आपल्या मनात येतंच, पण तिथे कुणाला म्हणून दाखवू नका.

आता फ्लोरेन्स. इथे नवऱ्याचं राज्य. कॅथेड्रलचं काम 1296 मध्ये सुरू झालं, पण घुमटाच्या जागी कित्येक वर्षं नुसतं भगदाड होतं, कारण सुमारे 45 मीटर रुंदीवर घुमट चढवायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या मापाला खालून लाकडी आधार द्यायचा तर जंगलंच्या जंगलं लागली असती. 1418 मध्ये स्पर्धा जाहीर झाली आणि काम मिळालं ब्रुनेलेस्की नावाच्या सोनाराला. होय, शिक्षणाने तो सोनारच. 1420 ते 1436 या काळात त्याने तो घुमट खालच्या आधाराशिवाय चढवला. एकात एक असे दोन घुमट, आणि मधून वर जायला जिना.

त्या जिन्याने आपण जातो. पायऱ्या 463, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. दोन घुमटांच्या मधल्या फटीत पोचलं की डावी-उजवीकडची भिंत आत कलायला लागते आणि माणसाला आपोआप तिरकं चालावं लागतं. विटा हाताशी येतात. त्या नुसत्या आडव्या रचलेल्या नाहीत. ठरावीक अंतराने एक वीट उभी, मग पुढच्या थरात जरा सरकून आणखी एक उभी, अशी नागमोडी नक्षी वर चढत जाते. त्या उभ्या विटा आडव्या थराला धरून ठेवतात, म्हणून चुना ओला असतानाही थर खाली घसरला नाही. नवरा त्या भिंतीला हात लावून थांबला आणि मागे रांग तुंबली. एका जर्मन आजोबांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना? मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे, हे इंजिनियर आहेत. आजोबा हसले आणि तेही विटा बघायला लागले.

खाली आल्यावर ज्या रंगीत संगमरवरी दर्शनी भागासमोर सगळे फोटो काढतात तो पूर्ण झाला 1887 मध्ये. म्हणजे मुंबईचं व्हीटी स्टेशन आणि तो एकाच वयाचे. हे कळल्यावर माझा त्यातला रस निम्मा झाला, हे मोकळेपणाने सांगते.

माझं आवडतं चर्च बोलोन्याचं सान पेत्रोनिओ. फ्लोरेन्सहून वेगवान गाडीने पाऊणएक तास. बाहेरून बघाल तर अर्धवट वाटेल: खालचा निम्मा दर्शनी भाग संगमरवरी, वरचा उघड्या विटांचा. 1390 मध्ये हे काम बिशपने काढलं नव्हतं, गावाने काढलं होतं, आणि विसाव्या शतकापर्यंत ते चर्चच्या ताब्यात नव्हतं, गावच्याच मालकीचं होतं. सांगतात असं की रोमच्या सेंट पीटर चर्चपेक्षा मोठं होईल या धास्तीने पोपने शेजारच्या जागेत विद्यापीठाची इमारत उठवून त्याची वाढच अडवली. खरंखोटं काहीही असो, बोलोन्याची माणसं ते फार चवीने सांगतात.

आत डाव्या हाताला फरशीवर एक तिरकी रेघ जाते, सुमारे 67 मीटर लांब. 1655 मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने ती आखली. हाच तो, ज्याने पुढे पॅरिसला जाऊन शनीच्या कड्यांमधली फट शोधली. छतात 27 मीटर उंचीवर एक बारीक भोक आहे. दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्या भोकातून आलेला उन्हाचा लंबगोल कवडसा बरोबर रेघेवरून सरकतो. उन्हाळ्यात तो भोकाच्या जवळ पडतो, हिवाळ्यात दूर, रेघेच्या दुसऱ्या टोकाकडे. ईस्टरची तारीख काढायला वसंतसंपाताचा दिवस अचूक कळायला हवा, त्यासाठी हा खटाटोप. पण कॅसिनीने त्या कवडशाचा आकार वर्षभर मोजला आणि त्यातून केप्लरचं म्हणणं पडताळून पाहिलं, की सूर्य वर्षभरात कमी-जास्त वेगाने सरकताना दिसतो तो नुसता भास नाही, वेग खरोखरच बदलतो. पोपच्या राज्यात, चर्चच्या फरशीवर, गॅलिलिओला शिक्षा होऊन जेमतेम बावीस वर्षं झालेली असताना!

माझं माहेर कोल्हापूरचं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीची किरणं चरणांपासून वर सरकताना मी लहानपणी गर्दीत टाचा उंच करून पाहिली आहेत. त्यामुळे सान पेत्रोनिओत तो कवडसा रेघेच्या दिशेने यायला लागला तशी मी सवयीने जागा धरली. आजूबाजूची दहाबारा माणसंही सरसावून उभी होती. कवडसा थाळीपेक्षा मोठा, कडा थोड्या थरथरणाऱ्या, आणि डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने सरकतो. रेघ ओलांडायला त्याला दोनेक मिनिटं लागत असतील. एका लहान मुलाने त्यावर पाय ठेवला, तर कवडसा त्याच्या बुटावर चढून पुढे निघून गेला. जाणार असाल तर त्या दिवशीची माध्यान्हाची वेळ आधी बघून घ्या. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा तिथे जुळत नाहीत.

बोलोन्याहून रावेन्ना साध्या गाडीने तासाभराहून थोडं जास्त. सहलीच्या बस तिथे कमी जातात, याचं मला अजून नवल वाटतं. 402 पासून पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी हे गाव होतं. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची म्हणतात ती समाधी बाहेरून विटांची बसकी खोली दिसते. आत फक्त पाच मिनिटं थांबू देतात. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे, त्यातून मधासारखा पिवळट उजेड येतो आणि वर गर्द निळ्या छतावर सोनेरी चांदण्या. मोझेकचे तुकडे मुद्दाम जरा वाकडेतिकडे बसवलेत, म्हणून आपण मान हलवली की छत लुकलुकतं. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये मोझेकच्या चित्रांत सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर उभे आहेत, 547 च्या आसपासचे. नटीची सम्राज्ञी झालेली ही बाई. तिच्या दागिन्यांपुढे नवरा अगदीच फिका वाटतो. माझ्या नवऱ्याने यावर काही बोलणं टाळलं.

रावेन्नाचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. कवी दान्तेला फ्लोरेन्सने 1302 मध्ये हद्दपार केलं आणि तो 1321 मध्ये रावेन्नात वारला. मग फ्लोरेन्सला त्याच्या अस्थी हव्याशा वाटू लागल्या. 1519 मध्ये पोपची, तेही फ्लोरेन्सच्याच मेदिची घराण्यातल्या पोपची, परवानगी घेऊन माणसं आली आणि बघतात तर कबर रिकामी! फ्रान्सिस्कन साधूंनी अस्थी लपवून ठेवल्या होत्या. त्या सापडल्या थेट 1865 मध्ये, भिंतीचं काम चालू असताना. फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये दान्तेचं भव्य स्मारक आहे, आत काही नाही. आणि रावेन्नातल्या कबरीवरच्या दिव्याचं तेल दरवर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरेन्स पुरवतं. दंड म्हणावा की प्रायश्चित्त, तुम्हीच ठरवा.

व्हेनिसला गेलो होतो. सान मार्को चर्चचं वैभव बरंचसं पळवून आणलेलं आहे, दारावरचे मूळ घोडे कॉन्स्टँटिनोपलहून आणि सेंट मार्कचा देह अलेक्झांड्रियाहून. गर्दी फार. पुढे.

रोममध्ये चर्चं मोजायची सोय नाही, पण दोन सांगते. सान लुइजी देई फ्रांचेझीमध्ये कारावाज्जोची तीन चित्रं आहेत, आत जायला तिकीट नाही. छोटं दालन, बऱ्यापैकी अंधार. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि मॅथ्यूला बोलावणाऱ्या ख्रिस्ताचा हात दिसतो. वेळ संपली की खट्कन दिवा बंद, आणि मग नाणं आता कोण टाकणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात. सुट्टी नाणी जवळ ठेवा. दुसरं सान क्लेमेंते, कोलोसियमपासून दहा मिनिटांवर. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याहीखाली प्राचीन रोमन घरं आणि मिथ्र देवाचं ठाणं. सगळ्यात खाली भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. कंटाळा येतो म्हणणाऱ्याला मी आधी इथेच पाठवते.

दोन सोयीच्या गोष्टी. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, ओढणी पिशवीत असू द्या. बरीच चर्चं दुपारी बंद असतात, ती वेळ जेवणाची समजा. जेवणाचं काय केलं, असंही विचारतात. आम्ही कोल्हापूरकर, आमचं काही अडलं नाही.

आणि एवढं सांगूनही चर्च नकोच असेल तर फ्लोरेन्समध्ये कॅशिने नावाची नदीकाठची लांबलचक बाग आहे, तिच्या पश्चिम टोकाला जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वारले, विशीतच. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाची तिथे रीत नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यविधी झाला. 1874 मध्ये त्या जागी छत्री उभारली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या 1978 मधल्या पुलाचं नावही 'इंदियानो' म्हणजे भारतीयाचा पूल. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या गवतावर चारपाच पोरं फुटबॉल खेळत होती आणि पुतळा कुणाचा ते त्यांना बरोबर माहीत होतं, फक्त कोल्हापूर कुठे ते नाही. नवऱ्याने मोबाइलवर नकाशा काढून दाखवलं. मंगळवारी गेलात तर बागेत मोठा बाजार भरलेला असतो. तिथून छत्री चालत बरीच लांब पडते, सायकल भाड्याने घ्या.