कोवळे गवत आणि आतड्यातला जंतू

गेल्या वर्षी मृगाच्या पावसानंतर रान हिरवे झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या मामांच्या गोठ्यातले सर्वांत धष्टपुष्ट उस्मानाबादी करडू रात्रीतून दगावले. संध्याकाळी ते आईला लुचत होते. पहाटे मान मागे ताणून, पाय झाडत पडलेले दिसले आणि उजाडण्यापूर्वी संपले. मामी म्हणाल्या, "नजर लागली." पशुवैद्यकांनी पोट उघडून लालभडक झालेले आतडे दाखवले आणि आंत्रविषाराचे निदान केले.

या रोगाचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, बाहेरून चाल करून येतोच असे नाही. निरोगी शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यात तो थोड्या संख्येने असतोच, आणि इतर असंख्य सूक्ष्मजीवांच्या गर्दीत त्याला वाढायला वाव मिळत नाही. मात्र उन्हाळाभर कडब्यावर काढलेल्या जनावराला एकाएकी पोटभर कोवळे गवत किंवा धान्य मिळाले, तर कोटीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातल्या, सूक्ष्मजीवांना नव्या आहाराशी जुळवून घ्यायला अवधी मिळत नाही, अर्धवट पचलेले अन्न पुढे लहान आतड्यात उतरते आणि त्यावर हा जंतू भराभर वाढून विष सोडतो. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की त्याचे एप्सिलॉन विष जनावराच्या स्वतःच्याच पाचक रसामुळे प्रखर होते. चांगले खाणारे, अंगाने भरलेले करडूच आधी का जाते, हे मला तेव्हा उमगले.

रानातही हेच घडते. मे २०१५ मध्ये कझाकस्तानात सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सैगा कुरंग मेले. कारण ठरला पाश्चुरेला मल्टोसिडा, म्हणजे आपल्याकडे गुराढोरांत घटसर्प घडवणारा जंतू. संशोधकांच्या मते तो त्या प्राण्यांत आधीपासून निरुपद्रवी राहत होता. त्या दिवसांतल्या असाधारण उष्ण-दमट हवेशी त्याच्या उद्रेकाचा संबंध आढळला. आपल्याकडेही घटसर्प पावसाळ्याच्या तोंडावरच, थकलेल्या आणि भिजलेल्या जनावरांत उसळतो.

त्यामुळे गोठ्यात रोग आला की "कुठून आला?" एवढेच विचारणे मला अपुरे वाटते. त्या आठवड्यात चारा, हवा आणि निवारा यांत काय बदलले, हेही तितक्याच कळकळीने विचारायला हवे.

यंदा मामांनी मे महिन्यातच आंत्रविषार आणि घटसर्पाच्या लशी टोचून घेतल्या. शेळ्या रानात सोडण्यापूर्वी ते त्यांना कडब्याची कुट्टी खाऊ घालतात, आणि पहिल्या दिवशी अर्धा तासच चरू देऊन मग रोज थोडा थोडा वेळ वाढवतात.