तुम्ही विचारलंत म्हणून: तिशीनंतरही पिंपल्स कसे?

"एवढ्या वयात पिंपल्स? पोट साफ होत नाही का गं?" हळदीकुंकवाला हेच, लिफ्टमध्ये हेच. होतं हो, रोज होतं. तोंडही धुते, तळलेलंही फारसं खात नाही.

माझं पाळीशी आहे. तारखेच्या आठ दिवस आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने गाठी ठणकायला लागतात. त्या दिवसांत इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, त्यापुढे अँड्रोजेन या दुसऱ्या हार्मोनचा जोर वरचढ होतो. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत सूज येते. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडवणारा तो अंडाशयाचा त्रास, तोही नाही. माझी त्वचाच त्या चढउताराला जास्त हळवी आहे, असं डॉक्टर म्हणाल्या.

पण डॉक्टरांकडे मी उशिरा गेले. आधी पार्लरवाल्या ताईंनी सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली. पंधरा दिवसांत चेहरा तुळतुळीत. तीन महिने लावली. बहिणीच्या लग्नाच्या धांदलीत ट्यूब संपली, आणि आठवड्याभरात चेहरा लालबुंद. पाण्याचा हबका मारला तरी मिरची चोळल्यासारखी आग. हळदीला आंब्याचं पान बुडवून मी बहिणीपुढे वाकले, तर आत्याने वाटीच बाजूला ओढली. "तू नको गं. नवरीला लागेल काहीतरी." असं लागत नसतं, हे मला माहीत होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. बहीण खाली बघत राहिली. पानावरची हळद माझ्या मनगटावर ओघळली, ती मी पदराला पुसली. तो डाग अजून आहे.

ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन लिहिलेलं होतं. म्हणजे स्टिरॉइड. शिकलेली असून वाचलं का नाहीस, असं मी स्वतःला कितीदा विचारलंय. पण आरसा चांगलं दाखवत असताना कोण वाचतं? आणि खरं सांगायचं तर, वाचलं असतं तरी लग्नापर्यंत लावलीच असती.

आता रात्री अ‍ॅडापॅलिन, डॉक्टरांनी दिलेलं पिंपल्सचं मलम, फोडापुरतं नाही, सगळ्या चेहऱ्यावर. फरक दिसायला तीन महिने लागतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याचा हा फोडांचा फेरा आटोक्यात येईल, असंही डॉक्टर म्हणाल्या. "लग्नाआधी त्या गोळ्या?" आई म्हणाली. मी तिच्याशी कडाकडा भांडले. चिठ्ठी मात्र अजून पर्समध्येच आहे.

शनिवारी बहिणीच्या लेकीचं बारसं. आज पाळीच्या चक्राचा एकविसावा दिवस. हनुवटीच्या डाव्या बाजूला ठणका सुरू झालाय.