केर्नगॉर्म्स: कुंपण आहे, मज्जाव नाही

एडिंबरोला आलेली आपली बहुतेक मंडळी हायलँड्ससाठी, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागासाठी, एक दिवसाची बस पकडतात. ग्लेन्को, फोर्ट विल्यम, लॉख नेस आणि रात्री परत. डोंगर बघून होतात, पण काचेतून. माझं ऐकाल तर रेल्वेने सरळ अ‍ॅव्हिमोर गाठा आणि तिथेच मुक्काम ठोका. साधारण तीन तासांत गाडी केर्नगॉर्म्स या डोंगररांगेच्या पायथ्याशी सोडते.

मला या भागाची भुरळ पडली ती चालण्याच्या मोकळिकीमुळे. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये रान, माळ, डोंगर, तळ्याकाठ यांपैकी बहुतेक ठिकाणी कुणालाही फिरता येतं, जमीन खासगी मालकीची असली तरीही. मात्र जबाबदारीने वागायचं. घराच्या आवारात किंवा उभ्या पिकात शिरायचं नाही, आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

रॉथीमर्कस ही अशीच एक जुनी इस्टेट. तिथल्या लॉख अ‍ॅन आयलन या तळ्याला (लॉख म्हणजे तळं) फेरी मारायला रमतगमत दोन तास पुरतात. वाट जुन्या पाइनच्या रानातून जाते. बुंध्याची साल खाली करडी, खडबडीत. वर मान केली की तीच तांबूस-केशरी होत गेलेली. पायाशी ब्लेबेरीची झुडपं. ऑगस्टमध्ये गेलात तर जांभळी बोटं घेऊनच परत याल.

तळ्यातल्या बेटावर एक पडका किल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या भिंतींवर ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे शिकारी पक्षी, घरटी करायचे. शिकारी आणि अंडी जमवणारे शौकीन त्यांच्या मागे लागले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जोडपी ब्रिटनमधून दिसेनाशी झाली. १९५० च्या दशकात जवळच्याच लॉख गार्टनला पुन्हा घरटं झालं, तेव्हा पक्षिप्रेमींनी रात्रंदिवस पहारा ठेवला. १९५९ पासून तर ते घरटं दुरून लोकांना दाखवायला सुरुवात केली. लोकांना हाकलून न लावता त्यांनाच राखणदार केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

जवळच्या ग्लेनमोर गावाहून निघालं की पाऊण तासात अ‍ॅन लॉखन ऊअन्य हे छोटं तळं लागतं. पाणी खरोखर हिरवं. तळाशी पडलेले पाइनचे ओंडके काठावरून स्पष्ट दिसतात. पऱ्या इथे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं, असं तिथले लोक सांगतात. वारा पडला की मात्र मिजेस येतात. डोळ्यांना धड न दिसणारी ही चिलटं कानात, केसांत, बाहीत शिरून चावतात. चेहऱ्यावर ओढायची जाळी सोबत ठेवाच.

तसंच पुढे गेलं की रायव्होनची बॉथी. दगडी खोपटं, दाराला कुलूप नाही, भाडं नाही. वीज नाही, नळही नाही. आत टेबलावर मेणबत्त्यांचे ओघळ आणि आल्यागेल्यांनी लिहिलेली वही. डागडुजी स्वयंसेवक करतात आणि वापरणारा आपला कचरा आपल्यासोबत नेतो. मला तिथे कागदाचा कपटाही दिसला नाही.

केर्न गॉर्म शिखराची उंची १२४५ मीटर, म्हणजे कळसूबाईहून चारशे मीटरने कमी. पण या आकड्यावर जाऊ नका. माथ्यावर १९८६ साली ताशी १७३ मैल वेगाचा वारा नोंदला गेलाय, आणि भर उन्हाळ्यातही टोपी-हातमोजे लागतात. याच उतारांवर रेनडिअर चरतात. मिकेल उत्सी या स्वीडनच्या सामी (उत्तर युरोपातली मूळ रहिवासी जमात) पशुपालकाने ते १९५२ साली इथे आणले. मार्गदर्शकासोबत कळपापर्यंत जाता येतं. ऑगस्टमधली त्यांची शिंगं मऊ लवेने मढलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही. वर ढग उतरले तर पठारावर जायचा हट्ट धरू नका. खाली लॉख मॉर्लिखला वाळूचा किनारा आहे, कयाक भाड्याने मिळतात आणि पाण्यातून अख्खी डोंगररांग समोर दिसते.