जिथे देव राबतो तिथे

येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांनी घालून दिलेली आध्यात्मिक साधना पूर्ण स्वरूपात साधारण तीस दिवसांची असते आणि तिच्या अखेरीस प्रेमप्राप्तीचे एक मनन येते. त्याच्या आरंभीच इग्नाशियस बजावतात की, प्रेम शब्दांपेक्षा कृतीतून प्रकट झाले पाहिजे. पुढे ते साधकाला आणखी धाडसी गोष्ट पाहायला लावतात : देव सृष्टीत नुसता वास करत नाही, तर आकाशात, झाडापिकांत, गुराढोरांत तो आपल्यासाठी कष्ट करत असतो. देव जिथे आधीपासून राबतो आहे तिथे जाऊन त्याच्या हाताखाली कामाला लागणे, हेच मला ख्रिस्ती मिशनकार्याचे मर्म वाटते.

आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, हे मर्म जगून दाखवणारे येशूसंघीय म्हणजे फादर हर्मन बाखर. १९४८ साली ते स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि पुढे दुष्काळी गावांच्या पाणीप्रश्नात त्यांनी आयुष्य घातले. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टची स्थापना केली. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे, उतारावर सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून जाणारे आडवे चर खणायचे, बांध घालायचे, झाडे लावायची आणि हे सारे गावाच्या श्रमदानातून उभे करायचे, अशी ती पद्धत. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे काम झाले, तेव्हा धावणाऱ्या पाण्याला चालायला आणि चालणाऱ्याला मुरायला लावणारा प्रत्येक चर मला त्या मननाचाच भाग वाटतो.

परंतु सत्कार्य म्हणजे सगळ्यांचेच भले, असे सरळ गणित नसते. डोंगर हिरवा व्हायचा तर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागते, आणि तिचा पहिला फटका ज्याला जमीन नाही, ज्याचे पोट चार शेळ्यामेंढ्यांवर आहे, त्याला बसतो. विहिरीला पाणी मात्र बागायतदाराच्या वाढते. म्हणूनच सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे, भूमिहीनांना आणि बायकांना गावाच्या निर्णयात बसवणे, या गोष्टी मला चर खणण्याइतक्याच आध्यात्मिक वाटतात. इग्नाशियस ज्याला विवेक म्हणतात तो वाईट आणि चांगले यांच्यात निवड करण्यापुरता नाही. दोन चांगल्या गोष्टी समोर असताना देवाची इच्छा कोणत्या बाजूला आहे, हे शोधताना त्याची खरी कसोटी लागते. १९७५ साली, फादर पेद्रो अरुपे संघप्रमुख असताना, येशूसंघाच्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची स्थापना या दोहोंची फारकत होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले, आणि माझ्या मते गावसभेत मेंढपाळाचे म्हणणे ऐकून घेणे हा त्या ठरावाचा सर्वांत प्रामाणिक अर्थ आहे.

आम्हा प्रापंचिकांसाठी इग्नाशियसनी ठेवलेले रोजचे साधन म्हणजे आत्मपरीक्षण. आधी आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवसाची तासातासाने उजळणी, मग क्षमा आणि उद्याचा निर्धार. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आभारापासून सुरुवात केली नाही की ही तपासणी नुसती स्वतःची झडती होऊन बसते. रात्री झोपण्यापूर्वी मी ते करते, तेव्हा उजळणीत आमच्या शेतातली बोअरवेलही येते. किती तास मोटार चालली, ऊस वाढवताना शेजारच्या कोरडवाहू रानाच्या वाट्याला काय उरले, हे प्रश्न प्रभूसमोर ठेवायला पूर्वी मला संकोच वाटे. प्रार्थनेत मोटारीचे काय काम, असे वाटे. आता वाटत नाही. पाणी मुरवायला सारे गाव एक होते, उपसा मात्र ज्याचा त्याचा असतो. आणि पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडून कोणी किती उपसायचे हे ठरवण्याचे काम आमच्याकडे अजून व्हायचे आहे.