मोस्तार: नेरेत्वाचे दोन काठ

बेलग्रेडच्या युगोस्लाव्हिया संग्रहालयात रिले शर्यतीच्या बॅटननी कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष टिटो याच्या अधिकृत वाढदिवसाला, २५ मे रोजी, देशभरातली तरुण पोरं धावत ही बॅटन त्याच्यापर्यंत पोचवायची. १९८० मध्ये टिटो गेला, तरी दौड आणखी काही वर्षं चालूच होती! असा देश १९९१ मध्ये फुटला.

‘शतकानुशतकांचं वैर’ हे बाहेरच्यांचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. १९८९ मध्ये महागाईने लोक पिचले होते, जानेवारी १९९० मध्ये कम्युनिस्ट पक्ष मोडला आणि त्याच वर्षी बहुपक्षीय निवडणुका झाल्या, त्याही एकेका प्रजासत्ताकापुरत्या. साऱ्या देशाकडे मतं मागायची वेळ कुणावर आलीच नाही. मग आपल्या मतदाराला शेजाऱ्याची भीती घालणं सोपं. सर्बियाचा नेता मिलोशेविच याने कोसोव्होत जाऊन सर्ब आणि ऑटोमन तुर्कांची १३८९ ची लढाई उकरून काढली, क्रोएशियातला राष्ट्रवादी नेता तुजमान याला तेच हवं होतं. एकाचा राष्ट्रवाद दुसऱ्याच्या पथ्यावर पडला. स्लोव्हेनिया दहा दिवसांच्या लढाईत सुटला, कारण तिथली वस्ती बरीचशी एकाच समाजाची. बोस्नियात मात्र बोस्नियाक (मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट मिसळून राहत होते, रेघ ओढायची कुठून?

बोस्नियाची राजधानी साराजेव्होहून मोस्तारची आगगाडी डोंगर उतरून नेरेत्वा नदीच्या काठाला लागते. १५६६ चा तिथला पूल क्रोएट फौजांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफा डागून पाडला, २००४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. त्यावरून नदीत उड्या मारणाऱ्यांचे फोटो सगळेच काढतात, मीही काढले. गावातली जुनी जिम्नाझिया शाळा मात्र फार कुणी बघत नाही. छत एक, पण क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, बोस्नियाक मुलांचा वेगळा. १९९५ च्या डेटन कराराने युद्ध थांबलं, पण त्यानेच देशाचं अध्यक्षपद तीन समाजांत वाटून दिलं. म्हणजे निवडणूक लढवायची ती पुन्हा जातभाईंच्याच जिवावर. मोस्तारमध्ये तर पक्षांचं जमेना म्हणून २००८ नंतर थेट २०२० मध्ये शहराची निवडणूक झाली.

पश्चिमेकडच्या टेकडीवर दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांशी लढून मेलेल्या पार्टिझानांचं, म्हणजे टिटोच्या गनिमी सैनिकांचं, स्मारक आहे. त्यात सगळ्या समाजांची नावं होती. जून २०२२ मध्ये कुणीतरी तिथले शेकडो दगडी फलक फोडले. स्मारकाचे वास्तुकार बोग्दान बोग्दानोविच एकेकाळी बेलग्रेडचे महापौर होते. मिलोशेविचच्या राष्ट्रवादाला उघड विरोध केला, आणि १९९३ मध्ये त्यांना देश सोडून व्हिएन्ना गाठावं लागलं.